राज्यांतराचे दिवस : नागपूर–हिंगणा परिसर

एखादा प्रदेश ज्या दिवशी एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे वा एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जातो, तो त्याच्या राज्यांतराचा दिवस होय. असे दिवस बहुधा लढाईपेक्षा जाहीरनामा, ठराव किंवा अधिनियम यांनी ठरतात. ते दिनदर्शिकेत नेमके नोंदले जातात. त्यांचा परिणाम मात्र दीर्घकाळ टिकतो. नागपूरच्या नैर्ऋत्येस सु. १६ किमी. अंतरावर वेणा नदीकाठी वसलेले हिंगणा व त्याचा परिसर हे याचे बोलके उदाहरण आहे. १८५४ ते १९६० या काळात या परिसराचे राज्य वा राज्याचे नाव अनेकदा बदलले. त्यांपैकी बहुतेक बदलांच्या वेळी तेथील रहिवाशांचे मत अजमावले गेले नाही.

अठराव्या शतकात देवगडच्या गोंड राजांकडून नागपूर प्रदेश भोसल्यांकडे आला. सीताबर्डीच्या लढाईत (२६–२७ नोव्हेंबर १८१७) आप्पासाहेब भोसले यांच्या फौजेचा पराभव झाला आणि भोसल्यांची सत्ता इंग्रजांच्या अंकित झाली; तथापि राज्य नावाने कायम राहिले. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक मरण पावले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने दत्तकाचा हक्क नाकारून राज्य खालसा करण्याचे ठरविले. त्याच्या मंडळातील कर्नल जॉन लो याने या निर्णयाविरुद्ध आपले भिन्नमत नोंदविले. परंतु त्याचा उपयोग झाला नाही. १३ मार्च १८५४ रोजी खालसाकरणाचा जाहीरनामा निघाला. राजघराण्यातील स्त्रियांनी केलेल्या अर्ज-विनंत्याही निष्फळ ठरल्या. राजवाड्यातील जडजवाहीर व जनावरे यांचा लिलाव झाला आणि राज्य गेल्याची जाणीव प्रजेला जाहीरनाम्यापेक्षा या लिलावाने अधिक तीव्रतेने झाली.

सात वर्षांनी, २ नोव्हेंबर १८६१ च्या ठरावान्वये, नागपूर प्रांत आणि सागर व नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांताची निर्मिती करण्यात आली व नागपूर ही त्याची राजधानी झाली. १९०३ मध्ये वऱ्हाड त्यास प्रशासनदृष्ट्या जोडण्यात आले. भोसल्यांच्या राजधानीला या रचनेमुळे पुन्हा राजधानीचा दर्जा लाभला. मात्र तिच्या अधिकारक्षेत्रात हिंदी भाषिक जिल्हे संख्येने अधिक होते. मध्य प्रांतातील नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा हे चार आणि वऱ्हाडातील अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा हे चार, असे आठ जिल्हे मराठी भाषिक होते. या आठ जिल्ह्यांचे भवितव्य हा पुढील अर्धशतकातील वादाचा मुख्य विषय झाला.

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान अंमलात आले, तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड यास मध्य प्रदेश हे नाव मिळाले. राजधानी नागपूर हीच राहिली. २८ सप्टेंबर १९५३ रोजी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा येथील नेत्यांनी नागपूर करार केला. विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन नागपूरला व्हावे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेथे असावे, विकासखर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा आणि सरकारी नोकऱ्यांत योग्य वाटा मिळावा, ही त्यातील प्रमुख कलमे होती. राज्य पुनर्रचना आयोगाने (फाजल अली आयोग) १९५५ च्या आपल्या अहवालात मात्र या आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य करावे, अशी शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे आठही जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि त्याचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले. नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. मध्य प्रदेशात हा दिवस स्थापनादिन म्हणून साजरा होतो. नागपूरच्या दृष्टीने तोच राजधानी गमावल्याचा दिवस ठरतो.

याच संधिकाळात एक मोठी घटना घडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीस, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. राज्यांतराला अठरा दिवस उरले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा दीक्षाभूमी मुंबई राज्यात आली होती. या घटनेचा स्मृतिदिन तिथीनुसार विजयादशमीस, तसेच तारखेनुसार १४ ऑक्टोबरला पाळला जातो. प्रशासकीय सीमा बदलल्या, तरी या दिवसाचे महत्त्व कोणत्याही राज्याच्या सीमांवर अवलंबून राहिले नाही.

१ मे १९६० रोजी द्वैभाषिक राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. १९४९ च्या प्रारंभी हिंगण्यात जन्मलेल्या मुलाने गाव न सोडता वयाच्या अकराव्या वर्षी चार राज्यनावे अनुभवली होती : मध्य प्रांत व वऱ्हाड, मध्य प्रदेश, मुंबई आणि महाराष्ट्र. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत हिंगणा मार्गावर उभी राहिली आणि शेतीप्रधान परिसराचे स्वरूप पालटले. १९६० च्या राज्यांतराचा हा दृश्य परिणाम होय.

या दिवसांचे मूल्यमापन मात्र एकसारखे होत नाही. १ मे हा महाराष्ट्रदिन म्हणून राज्यभर साजरा होतो, तर स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते तो काळा दिवस म्हणून पाळत आले आहेत. नागपूर करारातील अधिवेशनाचे कलम बहुतेक वर्षी पाळले गेले. अपवादात्मक परिस्थितीत, उदा., २०२० व २०२१ मध्ये, हिवाळी अधिवेशन मुंबईत झाले. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) नुसार १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. यावरून असे दिसते की, राज्यांतराची तारीख निश्चित करणे सोपे असते. त्या तारखेस दिलेली आश्वासने पुरी होणे हाच त्या दिवसाच्या यशापयशाचा खरा निकष होय.