सिंथेसायझर म्हणजे काय? तो आवाज कसा तयार करतो?

आपल्याकडे पट्ट्या असलेलं कुठलंही इलेक्ट्रॉनिक वाद्य दिसलं की त्याला सरळ ‘कॅसिओ’ म्हणतात. पण विकत घ्यायला गेलं की एका खोक्यावर ‘कीबोर्ड’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘सिंथेसायझर’, आणि इथेच गोंधळ होतो. चला, हा फरक सोप्या भाषेत समजून घेऊया.

कीबोर्ड आणि सिंथेसायझरमध्ये फरक काय?

साध्या कीबोर्डमध्ये पियानो, बासरी, व्हायोलिन असे आवाज आधीच भरलेले असतात. बटण दाबायचं आणि वाजवायचं. सिंथेसायझरमध्येही तयार आवाज मिळतात, पण तिथे मूळ आवाजच तुम्हाला घडवता येतो. म्हणून त्यावर एवढे नॉब असतात. घाबरू नका, मुख्य भाग चारच आहेत.

१. ऑसिलेटर : कच्चा माल

ऑसिलेटर विजेचा दाब ठरावीक वेगाने वरखाली करतो. हे सेकंदाला ४४० वेळा झालं की स्पीकरमधून ४४० हर्ट्झचा सूर येतो. ८८० वेळा केलं की तोच सूर वरच्या सप्तकात ऐकू येतो.

आवाजाचा पोत मात्र लहरीच्या आकारावर ठरतो:

• साइन : गुळगुळीत लहर. शिट्टीसारखा साधा आवाज.
• सॉटूथ : करवतीच्या दातांसारखी लहर. २२० हर्ट्झचा सूर वाजवला तर सोबत ४४०, ६६०, ८८० असे सगळ्या पटींतले सूर येतात. म्हणून आवाज भरदार, थोडा कर्कश.
• स्क्वेअर : फक्त विषम पटी, म्हणजे ६६०, ११०० वगैरे. आवाज पोकळ वाटतो.

२. फिल्टर : चाळणी

लो-पास फिल्टर एका मर्यादेच्या वरचे सूर कमी करतो. या मर्यादेला ‘कटऑफ’ म्हणतात. एक प्रयोग करा. एकच सूर धरून ‘ऊ’ म्हणा आणि हळूहळू तोंड उघडत ‘आ’ वर या. सूर बदलला नाही, पण आवाज उजळला ना? कटऑफचा नॉब फिरवला की साधारण असंच होतं.

३. एन्व्हलप : आवाजाचा चढउतार

पेटीची पट्टी दाबून भाता चालू ठेवला, तर सूर टिकतो. तबल्यावर थाप पडली की आवाज लगेच उठतो आणि विरतो. हा फरक चार नॉबनी ठरतो:

• अटॅक : आवाज उठायला लागणारा वेळ
• डिके : शिखरावरून खाली यायचा वेळ
• सस्टेन : पट्टी दाबलेली असताना टिकणारी पातळी
• रिलीज : पट्टी सोडल्यावर विरायला लागणारा वेळ

४. एलएफओ : हलता हात

हाही ऑसिलेटरच, पण खूप संथ. तो ऐकू येत नाही, दुसरा नॉब आपोआप हलवत राहतो. सेकंदाला ५-६ वेळा सूर किंचित हलवला की गायकाच्या गळ्यासारखा कंप येतो.

थोडा इतिहास

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये विजेच्या दाबावर चालणारे हे भाग एकमेकांना जोडून दाखवले. १९७० मध्ये आलेल्या ‘मिनीमूग’मध्ये ते एकाच सुटसुटीत पेटीत बसले. पुढे १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांनी रोलंडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, अगदी मींडेसारखी.

मग घ्यायचं काय?

गाणी वाजवायला शिकायचं असेल तर साधा कीबोर्ड पुरे. आवाज घडवायची आवड असेल तरच सिंथेसायझर घ्या, आणि तोही लगेच नको. आधी कॉम्प्युटरवर ‘सर्ज एक्सटी’ हे मोफत सॉफ्टवेअर टाका. सॉटूथ निवडा, कटऑफ खाली आणा, अटॅक आणि सस्टेन शून्य करा, डिके छोटा ठेवा. तार छेडल्यासारखा आवाज येईल. आता अटॅक आणि सस्टेन वाढवा. तोच आवाज व्हायोलिनच्या ताफ्यासारखा हळूहळू भरून येईल.

हे करताना तासभर कसा गेला ते कळलं नाही, तर समजा की सिंथेसायझर तुमच्यासाठीच आहे!