बोरीची राख आणि महाराष्ट्रातील आदिमानवाचा काल : सूक्ष्म रासायनिक विश्लेषणाचे योगदान व मर्यादा

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील बालाघाटाचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. तेव्हा मानव अस्तित्वात नव्हता. म्हणून हा खडक मानवाचा काल सांगू शकत नाही. महाराष्ट्रात मात्र मानवाच्या काळातील ज्वालामुखीय राखही सापडली आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे तिच्या सान्निध्यात अश्युलियन परंपरेची दगडी हत्यारे मिळाली. त्यामुळे राखेचे वय हा आदिमानवाच्या कालनिर्णयाचा प्रश्न ठरला.

राखेचे मूळ :
पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील रवी कोरिसेट्टर, शीला मिश्रा, शरद राजगुरू आदी संशोधकांनी या स्थळाचा अभ्यास केला. 1989 मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने राखेचे वय सुमारे 14 लाख वर्षे सांगण्यात आले. राख आली कोठून, याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या उपकरणात इलेक्ट्रॉनांचा झोत काही मायक्रोमीटर जागेवर पडतो आणि बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचे प्रमाण कळते. त्यामुळे राखेतील एकेका काचकणाचे स्वतंत्र विश्लेषण शक्य होते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये सिलिका सुमारे 50 टक्के असते. या काचेत ती 75 टक्क्यांहून अधिक आढळली. साहजिकच ही राख स्थानिक नव्हती. तिचे साम्य 3,000 किलोमीटरांहून दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीशी जुळले.

कालनिर्णयाचा वाद :
टोबाचे मोठे उद्रेक एकाहून अधिक झाले. त्यांपैकी एक सुमारे 8 लाख आणि सर्वांत अलीकडचा सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीचा होय. 1995 मध्ये शीला मिश्रा व सहकाऱ्यांनी बोरीच्या राखेचे वय सुमारे 6 लाख 70 हजार वर्षे मांडले. त्याच वर्षी फिलिप शेन व सहकाऱ्यांनी काचेच्या रासायनिक घटनेवरून ती अलीकडच्या उद्रेकाची ठरविली. 1998 मध्ये जॉन वेस्टगेट व सहकाऱ्यांनीही हेच मत मांडले. 2014 मध्ये मात्र नव्या आर्गॉन कालमापनाने बोरी व मोरगाव येथील राख 7 ते 8 लाख वर्षांपूर्वीची असल्याचे दाखविले.

या मतभेदाचे मूळ पदार्थातच आहे. एकाच ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांतील काचेची घटना पुष्कळशी सारखी असते. शिवाय नदी जुनी राख उचलून नव्या गाळात टाकू शकते. तसे झाल्यास राखेचे वय थराला लागू पडत नाही.

निष्कर्ष :
सूक्ष्म विश्लेषण राखेचे कूळ खात्रीने सांगते. हत्यारांचे वय ठरविण्यास मात्र स्वतंत्र कालमापन आणि थरांचे काटेकोर निरीक्षण यांची जोड लागते. बोरीच्या राखेने मराठवाड्यातील अभ्यासकांपुढेही हाच धडा ठेवला आहे. मांजरा व सिंदफणेच्या दरडींत फिकट रंगाचा बारीक थर दिसल्यास तो केवळ माती समजून सोडू नये. त्याचे स्थान, जाडी व लगतचे थर यांची नोंद प्रथम व्हावी. नमुना प्रयोगशाळेत पुन्हा तपासता येतो; एकदा खणून नेलेली दरड पुन्हा उभी करता येत नाही.