पाणबुडीतून आलेलं च्युइंगम

आमच्या सोलापूरच्या घरात आजी विड्या वळायची आणि आबा ओढायचे. 2009 मध्ये आबांना सीओपीडी असल्याचं निदान झालं. म्हणजे श्वासनलिका हळूहळू कायमच्या अरुंद करत जाणारा आजार. घरात मात्र शेवटपर्यंत त्याला ‘दमा’च म्हणत. डॉक्टरांनी पंप दिला आणि विडी सोडायला निकोटीनचं च्युइंगम लिहून दिलं. औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, “आजोबा, दमेकऱ्यांना हे चालत नाही. यात निकोटीन असतं.”

आबांना तेवढंच हवं होतं. “विष हाय त्यात,” म्हणत त्यांनी पाकीट चुन्याच्या डबीशेजारी ठेवलं आणि विडी पेटवली.

मी तेव्हा दहावीत होतो. त्या जुलैत पेपरात बातमी आली की सिगारेट सोडवणाऱ्या गोळ्यांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चौकटीतला कडक इशारा छापायला लावलाय: नैराश्य, आत्महत्येचे विचार. मी ती बातमी आबांना मोठ्याने वाचून दाखवली. गोळ्या वेगळ्या आणि च्युइंगम वेगळं, हे मला कुठे ठाऊक होतं? आबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी हे सगळं शोधायला बसलो.

च्युइंगमची गोष्ट स्वीडनमध्ये सुरू होते, तीही पाण्याखाली. 1967 च्या डिसेंबरमध्ये लुंडच्या क्लास लुंडग्रेन या संशोधकाने हेलसिंगबोर्गच्या एका औषध कंपनीतल्या ओवे फर्नो या मित्राला पत्र लिहिलं. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही, तेव्हा खलाशी तोंडात तंबाखू धरून वेळ काढतात, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. मग धुराशिवाय नुसतं निकोटीन का देऊ नये? फर्नो स्वतः सिगारेटचे शौकीन, त्यामुळे प्रश्न घरचाच होता. निकोटीन एका रेझिनला बांधून त्यांनी असं च्युइंगम बनवलं की चावल्यावर ते हळूहळू सुटावं. 1978 मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आलं, 1984 मध्ये अमेरिकेत.

पण धडधाकट माणसाला चालतं ते धापा टाकणाऱ्याला चालेल का? याचं उत्तर आबांच्या निदानाआधी तेरा वर्षं छापून आलेलं होतं. 1986 मध्ये अमेरिका आणि कॅनडात ‘लंग हेल्थ स्टडी’ नावाचा अभ्यास सुरू झाला. 35 ते 60 वयाचे 5,887 धूम्रपान करणारे, सगळ्यांच्या फुप्फुसात सौम्य ते मध्यम अडथळा. त्यातल्या दोन गटांना समुपदेशन आणि 2 मिलिग्रॅमचं निकोटीन च्युइंगम दिलं. पाच वर्षांनी या गटांतल्या शंभरातल्या 22 जणांची सिगारेट कायमची सुटलेली होती. नेहमीच्या उपचारांवर सोडलेल्या गटात फक्त 5 जणांची. ज्यांनी सोडली, त्यांच्या फुप्फुसांची घसरण मंदावली.

1996 मध्ये याच अभ्यासातून च्युइंगम वापरणाऱ्या 3,094 जणांचा हिशेब प्रसिद्ध झाला. हृदयाच्या आजारासाठी दवाखान्यात भरती होण्याचा च्युइंगमशी संबंध दिसला नाही. च्युइंगम चघळता चघळता सिगारेटही ओढणाऱ्यांतही दिसला नाही. तक्रारी किरकोळ होत्या. अगदी शेवटच्या टप्प्यातले, ऑक्सिजनवरचे रुग्ण या अभ्यासात नव्हते, एवढी पुस्ती मात्र जोडायला हवी.

आणि मी वाचलेली ती बातमी? ती व्हरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्यांची होती. 2011 मध्ये सौम्य ते मध्यम सीओपीडी असलेल्या 504 जणांवर व्हरेनिक्लिन तपासलं गेलं. वर्षअखेरीस गोळी घेणाऱ्या शंभरातले जवळपास 19 जण सिगारेटपासून दूर राहिले होते, खोटी गोळी घेणारे 6. मनावरच्या परिणामांचा निकाल लागायला 2016 उजाडलं. आठ हजारांवर लोकांच्या चाचणीत नैराश्य वगैरेचा धोका खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय वाढलेला दिसला नाही. त्या डिसेंबरात चौकटीतला इशारा काढून टाकला गेला. काढल्याची बातमी मला तरी तेव्हा कुठल्या पेपरात दिसली नाही.

याचा अर्थ डोळे मिटून घ्यावं असा नाही. ब्युप्रोपिऑनने फिट येण्याचा धोका थोडा असतो, आणि सीओपीडीवाल्यांना बऱ्याचदा मिळणाऱ्या स्टिरॉइडच्या आणि थिओफिलिनच्या गोळ्यांसोबत तो वाढतो. थिओफिलिनची आणखी एक गंमत आहे, जी मला कुणी सांगितली नव्हती. विडीच्या धुरातले घटक यकृताला हे औषध भराभर संपवायला लावतात. विडी सुटली की तो वेग मंदावतो आणि तोच जुना डोस रक्तात साचू लागतो: मळमळ, छातीत धडधड. च्युइंगम घ्या वा नका घेऊ, हे होतंच. अशा वेळी थिओफिलिनचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो. दुकानातल्या मुलाने काही सांगायचंच होतं, तर हे सांगायचं.

आबा त्यानंतर चार वर्षं जगले. विडी शेवटच्या महिन्यात सुटली, तीही ओढण्याइतका दम उरला नाही म्हणून.

आजीने डबा मला दिला तेव्हा पाकीट आतच होतं. मी उघडून पाहिलं, तर चार खाचा रिकाम्या. म्हणजे आबांनी कुणाला न सांगता चार वेळा प्रयत्न करून पाहिला होता. हे च्युइंगम जरा चावून गालात धरून ठेवायचं असतं, आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा प्यायचा नसतो. नाहीतर निकोटीन तोंडात शोषलं जात नाही, पोटात जातं आणि जळजळ होते, उचकी लागते.

त्यांच्या उचकीची एक रात्र मला आठवते. आजी म्हणाली होती, “कुणीतरी आठवण काढतंय वाटतं.” चहा झाल्यावर आबा पानासारखं काहीतरी कचाकचा चावत ओट्यावर बसले होते.