बुरशीजन्य विकरे : शेतातील अवशेषांपासून

शेतमालाच्या अवशेषांवर बुरशी वाढवून तिच्याकडून विकरे, म्हणजेच एन्झाइमे, मिळवण्याची औद्योगिक पद्धत. गव्हाचा कोंडा, भाताचा पेंढा, उसाचे चिपाड, दाणे काढलेली मक्याची कणसे, फळांच्या साली हा तिचा कच्चा माल. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती पचनाची विकरे अंगाबाहेर सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. त्यामुळे तिच्या पेशी न फोडताही विकरे पाण्याने धुऊन काढता येतात.

या उद्योगाचा आधुनिक आरंभ जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने (1854–1922) यांच्यापासून होतो. साके आणि सोया सॉससाठी जपानमध्ये ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी शतकानुशतके वाढवली जाते. ताकामिने यांनी अमेरिकेत तिला तांदळाऐवजी गिरणीतला गव्हाचा कोंडा दिला. इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे व्हिस्कीसाठी माल्टच्या जागी ही विकरे वापरण्याचा त्यांचा प्रयत्न माल्ट-व्यावसायिकांच्या विरोधामुळे तडीस गेला नाही. 1894 मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि पिष्ट पचवणारे तेच विकर ‘ताका-डायास्टेज’ या नावाने पोटाचे औषध म्हणून पार्क-डेव्हिस कंपनीने बाजारात आणले.

कोंड्यातील पिष्ट फोडणे सोपे. पेंढ्याचे तसे नाही. त्यातील सेल्युलोज हे ग्लुकोजच्याच साखळ्यांचे असले, तरी त्या साखळ्या घट्ट रचलेल्या असतात आणि त्यांना हेमिसेल्युलोज व लिग्निनचा वेढा असतो. हा किल्ला सर करण्यात अग्रेसर ठरली ती ट्रायकोडर्मा रीसी. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजत होते. या कुजण्याच्या कारणाच्या शोधात ही बुरशी हाती लागली. पुढे एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिचा सखोल अभ्यास केला. तिच्या नावातील ‘रीसी’ हे रीस यांच्यावरूनच. ती अनेक सेल्युलेज विकरे एकत्र सोडते : काही साखळी मधूनच तोडतात, काही टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे काढतात, तर बीटा-ग्लुकोसिडेज त्या जोड्या फोडते. हे शेवटचे विकर तिच्याकडे कमी पडते, म्हणून ॲस्परजिलसच्या विकराची जोड दिली जाते. 2008 मध्ये तिचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा सेल्युलेजची जनुके अपेक्षेपेक्षा कमी निघाली. थोड्या जनुकांतून एवढे विपुल उत्पादन, हे तिचे खरे वैशिष्ट्य.

इथे अवशेष खाद्यही असतो आणि इशाराही. सेल्युलोजच्या तुकड्यांची चाहूल लागली की बुरशी विकरे बनवू लागते. आयते ग्लुकोज मिळाले की हात आखडता घेते.

वाढवण्याच्या रीती दोन. मोठ्या कारखान्यांत पोलादी टाक्यांतल्या द्रव माध्यमात, हवा खेळवत बुरशी वाढवतात. घन-अवस्था किण्वनात निर्जंतुक केलेला ओलसर कोंडा ट्रेमध्ये पसरून त्यावर बीजाणू टाकतात. मोकळे पाणी जवळजवळ नसते. तापमान साधारण 28–30 अंश सेल्सियस. काही दिवसांत पांढरे जाळे पसरते, मग बफर द्रावणाने विकरे धुऊन घेतात. पाणी कमी लागते, विकरे तुलनेने दाट मिळतात. अडचण उष्णतेची : वाढणारी बुरशी स्वतःच तापते आणि थर जाड झाला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणूनच प्रयोगशाळेत उत्तम चालणारी ही रीत मोठ्या प्रमाणावर नेणे अवघड जाते.

ही विकरे फळांचा रस नितळ करतात, जीन्सचे कापड मऊ करतात आणि कागदाचा लगदा उजळवताना क्लोरिनयुक्त रसायनांची गरज घटवतात.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ट्रायकोडर्माच्या दुसऱ्या जातींची ओळख आहे ती बीजप्रक्रियेमुळे. हरभऱ्याच्या मर रोगाविरुद्ध त्या बियाण्याला चोळतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तिथे पेनिसिलियम गटातील बुरशीच्या सेल्युलेजवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. ‘टाकाऊ’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. साखर कारखान्यांत चिपाड बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज देते, कोंडा जनावरांच्या खुराकात जातो. खरोखर पडून राहतात किंवा शेतातच पेटवली जातात ती उसाचे पाचट आणि कापसाची पऱ्हाटी. पण पऱ्हाटीत लिग्निन पुष्कळ, पाचट हलके आणि फुगीर. गोळा करणे, वाहणे आणि वाफेने किंवा अल्कलीने आधी सैल करणे, हा खर्च विकराच्या किमतीवर चढतो. हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. पेंढ्यातून साखर काढण्यासाठी अशा प्रकल्पांना सेल्युलेज फार मोठ्या प्रमाणात लागते. ते जवळच तयार केले, तर शुद्धीकरणाचा, टिकवण्याचा आणि वाहतुकीचा बराच खर्च वाचू शकतो.