रुळाचा सांधा आणि क्षपणकाची ओळख

लखनौहून कानपूरकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात मानक नगर नावाचे लहानसे स्थानक ओलांडते. हे नाव अन्वर्थक आहे. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना येथेच आहे. १९३० साली स्थापन झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ साली सुरू झालेले रेल्वे परीक्षण व संशोधन केंद्र यांच्या विलीनीकरणातून १९५७ मध्ये ही संघटना उभी राहिली. तिने घालून दिलेल्या नियमांपैकी एक विषय आपल्या शाळेच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने दहावीत अभ्यासलेला आहे: ऑक्सिडक कोणता आणि क्षपणक कोणता?

पूर्वी रुळांचे तुकडे लोखंडी पट्ट्या व बोल्ट लावून जोडत. एका रुळाची लांबी १३ मीटर धरली, तर एका किलोमीटरमध्ये एकेका बाजूला सुमारे ७७ सांधे येतात. आगगाडीचा तो परिचित खडखडाट या सांध्यांचाच. बालगीतांना तो मानवला असेल, पण चाकांना आणि रुळांच्या टोकांना नव्हे. प्रत्येक ठोक्यागणिक सांधा झिजतो, बोल्ट सैल होतात आणि देखभालीचा भार वाढतो. म्हणून सांधा वितळवून एकजीव करणे आवश्यक झाले.

उपाय सापडला तो जर्मनीत, आणि तोही वेगळ्याच शोधात असताना. हान्स गोल्डश्मिट यांना क्रोमियम, मँगनीज यांसारखे धातू कार्बनच्या संसर्गावाचून शुद्ध स्वरूपात हवे होते. कोळशाऐवजी त्यांनी ॲल्युमिनिअमची पूड वापरली. १८९५ मध्ये त्यांनी या पद्धतीचे एकस्व घेतले आणि १८९९ मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ या रीतीने जोडले गेले. आपण तिला थर्मिट अभिक्रिया म्हणतो.

लोहाचे ऑक्साइड आणि ॲल्युमिनिअम यांची पूड मुशीत घेऊन पेटवतात. ॲल्युमिनिअम ऑक्साइडमधील ऑक्सिजन हिसकावून घेते आणि लोह मोकळे होते. उष्णता इतकी निर्माण होते की ते लोह वितळलेल्या स्थितीतच बाहेर पडते. रुळावरील कामात हे तापमान सुमारे २४५० अंश सेल्सिअस असते. पेटवण्यासाठी वापरतात ती चक्क एक प्रकारची फुलबाजी. दिवाळीच्या फुलबाजीतही बेरियम नायट्रेट ऑक्सिडकाचे काम करते आणि ॲल्युमिनिअम जळते.

आता ओळख पटवू. ॲल्युमिनिअमने ऑक्सिजन घेतला, म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण झाले. म्हणूनच ते क्षपणक. लोह ऑक्साइडचे क्षपण झाले. म्हणून ते ऑक्सिडक. विद्यार्थी अडखळतात ते नेमके येथेच, कारण नाव दिले जाते ते दुसऱ्यावर घडवलेल्या परिणामावरून. स्वतःवर काय बेतले हे त्यात दिसत नाही. विसाव्या शतकात इलेक्ट्रॉनच्या भाषेत हीच गोष्ट अधिक स्वच्छ झाली: ॲल्युमिनिअमचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन देतो आणि ऑक्साइडमधील लोहाचा आयन तीन घेतो. त्यामुळे ऑक्सिजन नसलेल्या अभिक्रियांनाही ही कसोटी लागू पडते. मोरचुदाच्या द्रावणात जस्ताची पट्टी बुडवून तांबे मिळवताना जस्त हेच क्षपणक असते.

शब्दांचा इतिहासही मनोरंजक आहे. खनिजाला पुन्हा धातुरूपात ‘परत आणणे’ या अर्थाचा लॅटिन शब्द युरोपीय रसायनशास्त्रात रूढ झाला. मराठीने ‘क्षपण’ म्हटले, म्हणजे क्षीण करणे. ऑक्सिजन गमावलेले खनिज वजनाने घटते, हे त्यात आले. मानक नगरच्या शाळांतील हिंदी पुस्तकांत हेच ‘उपचयन’ आणि ‘अपचयन’ होते, म्हणजे भर आणि घट. माझ्या मते हिंदी जोडी पाठ करायला सोपी आहे, पण ‘क्षपणक’ या शब्दात कर्ता अधिक ठसठशीत उभा राहतो.

गंज हा रेल्वेचा वैरी, आणि गंजही लोहाचे ऑक्साइडच. पण या सांध्यात लोहाचे ऑक्साइड आधार होते. पोलाद तापवून लाटताना त्यावर चढणारी ऑक्साइडची खपली थर्मिटच्या मिश्रणात वापरली जाते. पोलादाने टाकून दिलेले कवच पुन्हा पोलाद होऊन रुळात शिरते.

मात्र या देवघेवीत हिशेब चुकून चालत नाही. ५४ ग्रॅम ॲल्युमिनिअमला १६० ग्रॅम फेरिक ऑक्साइड लागते आणि त्यातून ११२ ग्रॅम लोह व १०२ ग्रॅम ॲल्युमिना मिळते. क्षपणक कमी पडला तर ऑक्साइड शिल्लक राहते, जास्त झाला तर ॲल्युमिनिअम पोलादात उतरते. दोन्ही वेळा सांधा दुबळा होतो आणि त्या सांध्यावरून माणसांनी भरलेले डबे धावणार असतात. म्हणून रुळाच्या वजनाप्रमाणे व प्रतीप्रमाणे मिश्रणाची पिशवी ठरलेली असते. ती दमट असता कामा नये. दोन टोकांतील फट साधारण २५ मिलिमीटर ठेवतात आणि टोके आधी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतात. ॲल्युमिना हलके असल्याने मळीच्या रूपात वर तरंगते आणि खालचे पोलाद साच्यात उतरते.

थंड झाल्यावर सांधा घासून सपाट करतात, ध्वनिलहरींनी तपासतात आणि त्याजवळ महिना, वर्ष व तो जोडणाऱ्या वेल्डरची खूण नोंदवतात.