एका आरोपीवर भागत नाही

वसंतात बसून हिवाळ्यातील दुखण्यांची चर्चा करणे काहीसे विक्षिप्त वाटेल. पण खोकला थांबल्यावरच खोकल्याचा इतिहास निवांतपणे ऐकता येतो.

१८८९-९० च्या हिवाळ्यात इन्फ्लुएंझाने युरोप ग्रासला. १८९२ साली बर्लिनच्या रिचर्ड फायफर यांना रोग्यांच्या कफात एक सूक्ष्म जंतू आढळला आणि हाच गुन्हेगार, असा निर्वाळा त्यांनी दिला. पंचवीस वर्षे बहुतेकांनी तो मानला. मग १९१८ साल उजाडले. जूनमध्ये साथ मुंबईस पोचली. सप्टेंबरपासूनच्या दुसऱ्या लाटेने हाहाकार उडविला. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. परंतु शवविच्छेदनात फायफरचा जंतू कोठे सापडे, कोठे मुळीच सापडत नसे. अनेकदा न्यूमोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस फुप्फुसांत ठाण मांडून बसलेले दिसत. मग खरा अपराधी कोण?

उलगडा डुकरांनी केला! अमेरिकेतील आयोवा राज्यात थंडीच्या तोंडावर डुकरांना असाच ज्वर येई. त्यांच्यांत फायफरच्या जंतूचा जणू सख्खा भाऊच सापडला. १९३१ साली रिचर्ड शोप यांनी निरोगी डुकरांना नुसता तो जंतू दिला. काहीच झाले नाही. जंतू मागे राहतील अशा गाळणीतून गाळलेला स्राव दिला. आजार सौम्य आला. दोन्ही मिळून दिले, तेव्हा खरे दुखणे प्रकटले. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणूही शोधून काढला. विषाणू श्वासमार्गाचे अस्तर उद्ध्वस्त करतो. मग आपल्याच नाकाघशात दबा धरून बसलेले जंतू खाली उतरतात. १९१८ सालची जपून ठेवलेली फुप्फुसे पुन्हा तपासून अमेरिकन संशोधकांनी २००८ साली दाखविले, की बहुतेक बळी अखेर जंतूंच्या न्यूमोनियाचेच होते.

तेव्हा लोकांपाशी प्रतिजैविके नव्हती, फ्लूची परिणामकारक लसही नव्हती. आज आपल्यापाशी दोन्ही आहेत. तरी ताप उतरतो, घरात हायसे वाटते आणि दोनचार दिवसांनी तो पुन्हा चढतो, धाप लागते. तेव्हा “फ्लूच तो, जाईल” म्हणून आपण स्वस्थ बसतो. फायफर एका जंतूवर थांबले, आपण एका विषाणूवर थांबतो. चूक तीच. परतलेल्या तापाला दुसरा आरोपी समजावे आणि वेळीच वैद्याचे दार ठोठवावे, एवढे त्या साथीने आपल्याला फार महाग शिकविले आहे.