आधी कोणाला? : इंधनटंचाईच्या शासकीय आराखड्यांविषयी

इतिहासलेखनात घडलेल्या घटनांना जे स्थान मिळते, ते कागदावरच राहिलेल्या तयारीला सहसा मिळत नाही. इंधन संपले तर काय करायचे, याचे आराखडे शासन आखून ठेवते; वेळ आली नाही तर ते दप्तरात पडून राहतात. तरीही हे आराखडे वाचण्याजोगे असतात, कारण एरवी टाळता येणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर त्यांना द्यावेच लागते : आधी कोणाला? ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

१९५६ च्या अखेरीस सुएझ कालवा बंद पडला आणि पश्चिम युरोपचा तेलपुरवठा आटला. १७ डिसेंबरपासून ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. खासगी मोटारीच्या वाट्याला महिन्याकाठी सुमारे २०० मैलांपुरते पेट्रोल आले; डॉक्टरांसारख्यांना जादा कूपने मिळाली. वाहनचालकांच्या परीक्षा स्थगित झाल्या, शिकाऊ चालकांना एकट्याने गाडी चालवण्याची मुभा मिळाली आणि परीक्षक रेशनिंगच्या कामाला जुंपले गेले. मे १९५७ पर्यंत ही व्यवस्था चालली. दुसऱ्या महायुद्धातील रेशनिंगची सवय अद्याप ताजी होती, त्यामुळे शासनाने लावलेली क्रमवारी लोकांना अपरिचित वाटली नाही.

१९७३ च्या ऑक्टोबरमधील अरब-इस्रायल युद्धानंतर अरब देशांनी तेलाचे उत्पादन घटवले. नोव्हेंबरअखेर टपाल कचेऱ्यांतून पेट्रोलची कूपने वाटण्यात आली. ताशी ५० मैलांची वेगमर्यादा लागू झाली. खाणकामगारांच्या आंदोलनामुळे कोळसाही अपुरा पडला, तेव्हा जानेवारी १९७४ पासून वीज वाचवण्यासाठी उद्योगांवर तीन दिवसांचा आठवडा लादला गेला. पेट्रोलची कूपने मात्र अखेरपर्यंत वापरली गेली नाहीत. घरोघर पडून राहिलेला तो कागद म्हणजे न घडलेल्या इतिहासाचे एक अस्सल साधन होय. १९७६ च्या ऊर्जा कायद्याने इंधनाच्या वाटपावर नियंत्रण ठेवण्याचे व्यापक अधिकार शासनाला दिले.

आतापर्यंतच्या सर्व तयारीमागे एक गृहीतक होते : टंचाई समुद्रापलीकडून येणार. सप्टेंबर २००० मध्ये ते कोसळले. इंधनावरील वाढत्या करांविरुद्ध शेतकरी आणि मालवाहतूकदार स्टॅनलो येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या दाराशी जमले. पाहता पाहता हे लोण इतर प्रकल्पांपर्यंत पोहोचले. टाक्यांत तेल होते, परंतु टँकर बाहेर पडत नव्हते. आठवड्याच्या आत बहुसंख्य पंप कोरडे पडले. शासनाने १९७६ च्या कायद्याखालील अधिकार वापरले, ठरावीक पंप अत्यावश्यक सेवांसाठी राखले. पण तोवर कोणता टँकर सोडायचा आणि कोणता अडवायचा, हे दारावरचे आंदोलक ठरवू लागले होते. रुग्णालयांसाठीचे इंधन त्यांनी जाऊ दिले. ‘अत्यावश्यक’ या शब्दाचा अर्थ लावण्याचा अधिकार काही दिवसांपुरता मंत्रालयाकडून प्रवेशद्वाराकडे सरकला. या घटनेचा खरा धक्का तेलाच्या तुटवड्याहून या स्थलांतरात होता, असे मला वाटते.

पुढे २००४ मध्ये नागरी आपत्कालीन व्यवस्थेचा नवा कायदा आला. त्यामागे २००० च्या या आंदोलनाचा, त्याच वर्षीच्या पुरांचा आणि २००१ मधील गुरांच्या लाळ्या-खुरकुत साथीचा अनुभव होता. २०२१ मध्ये मात्र टँकरचालकांची वानवा आणि ग्राहकांची धास्ती यांमुळे पंप पुन्हा ओस पडले, आणि लष्करी चालक बोलवावे लागले. तेव्हाही देशात इंधन होतेच.

कोठारे भरणे, कूपने छापणे ही प्रशासनाची कामे आहेत आणि ती करता येतात. परंतु शिक्षकाआधी परिचारिका, मोटारीआधी बस, ही क्रमवारी लोकांना मान्य असावी लागते, आणि ही मान्यता संकटाच्या दिवशी छापून वाटता येत नाही. ज्या यादीची चर्चा आधी उघडपणे झालेली नाही, ती प्रसंगी दारावर उभा असलेला माणूस आपल्या मताने पुन्हा लिहितो. त्याने ती माणुसकीने लिहिली, तर तो समाजाचा सुदैवी योग. आराखड्याचे यश नव्हे.